तीन रुपयांची पुडी

आमच्या घरात चहाचं पाकीट येत नाही. कुठल्याच कंपनीचं येत नाही. ओट्यावर स्टीलचा एक डबा आहे, त्यात नागपूरच्या इतवारी बाजारातल्या जुन्या दुकानातून आणलेला सुटा चहा असतो. पाहुण्यांना याचं फार नवल वाटतं, कारण मी ज्या कंपनीत तेवीस वर्षं राबते आहे ती चहा विकते, आणि माझा नवरा ज्या कंपनीत आहे तीही चहाच विकते. साबण, बिस्किटं, केसांचं तेल असलं बाकीचं सगळं दोन्ही कंपन्या विकतात म्हणा, पण विदर्भात खरी मारामारी चहाची. गावोगावच्या दुकानात एका फळीसाठी आम्ही एकमेकांच्या उरावर बसतो.

आमची ओळखसुद्धा अशाच एका फळीवरून झाली. दोघंही तेव्हा नवीन, दोघंही सेल्समध्ये, प्रताप नगरातल्या एका किराणा दुकानात एकाच वेळी पोचलो. तो म्हणाला, "म्याडम, वरची फळी माही आहे, तुमचा माल खाली ठेवा." मी त्याच्यादेखत त्याचे पुडे उचलून खाली ठेवले आणि माझे वर लावले. दुकानदार हसत सुटला. दीड वर्षानं आमचं लग्न झालं, आणि त्या दुकानदारानं आहेरात दोन फळ्यांचं लाकडी कपाट दिलं. ते अजून आमच्या बेशाच्या फ्लॅटमध्ये आहे.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात आम्ही ठरवलं की घरात धंद्याचं बोलायचं नाही आणि कुणाचंही पाकीट घरात आणायचं नाही. आम्ही नवरा-बायको असल्याचं दोन्ही कंपन्यांना लेखी कळवलेलं होतं, तेव्हा लपवाछपवी काही नव्हती. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघं मिळून इतवारीत जायचो, चहा निवडायचो, भांडायचो आणि आणायचो. त्याला कडक लागतो, मला वास लागतो. संध्याकाळी दोघांच्या बॅगा हॉलमधल्या एकाच खुर्चीवर पडायच्या, जो आधी येईल त्याची खाली. माझ्या बॅगेची चेन तर कित्येकदा उघडीच असायची. बघणार कोण होतं?

आता मी मुळातच उतावळी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. दूध उतू जाईपर्यंत मला थांबवत नाही, मी आधीच गॅस बंद करते. आई म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी आहे. माझा नवरा बरोबर उलटा. वर्ध्याकडच्या कापूसवाल्या घरातला माणूस, पेरून वाट पाहायची सवय. या एका फरकावर आमची वीस वर्षं चांगली गेली होती.

हे सगळं सुरू झालं त्याच्याच गावात. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आम्ही चार दिवस गेलो होतो. कापूस वेचणीचे दिवस होते. संध्याकाळी मी नवऱ्यासोबत सासूबाईंसाठी तंबाखूची डबी आणायला गावातल्या दुकानात गेले, तर वेचणीहून परतलेल्या बायांची तिथं ही गर्दी. दुकानदारानं दहाचा पुडा फोडून ठेवलेला, आणि तो चिमटीचिमटीनं चहा वर्तमानपत्राच्या कागदात बांधून देत होता. पाच रुपयांची एक पुडी. त्या बायांना दहाचा पुडा नको होता. उद्याचं उद्या, आज सकाळच्या दोन कपांपुरतं द्या, असा हिशोब. कुणी म्हणत होती, "काल दिला तो भुसा होता गा, आज चांगला दे."

मी तिथंच खिळले. दोन मोठ्या कंपन्या दहाच्या पुड्यावर एकेका ग्रॅमसाठी डोकी फोडत होत्या आणि इथं वेचणीच्या तीन महिन्यांत अख्खा जिल्हा कागदाच्या पुडीवर चालला होता! नवरा बाजूला उभा होता. तो म्हणाला, "चाल नं वं, माय वाट पाहून राहिली." मी चालले, पण माझं लक्ष कुठलं घरी. रात्रभर कूस बदलत राहिले आणि सोमवारी सीताबर्डीच्या ऑफिसात जाऊन साहेबांसमोर कागद मांडला. पाच रुपयांची बंद पुडी, वेचणी सुरू होताना बाजारात उतरवायची, फक्त विदर्भात.

वर्ष गेलं त्याच्यात. मुंबईच्या लोकांना आधी पटेना. मग पटलं तर मशीन नव्हतं. मशीन आलं तर पुडीचा रंग ठरेना. शेवटी ठरलं, पुढच्या दिवाळीनंतरचा पहिला सोमवार. नागपुरात ही तारीख आणि हा भाव पाच माणसांनाच ठाऊक होता. पाचात मी एक, आणि सहावा म्हणायचा तर आमचा पेंटरकाका.

पेंटरकाका म्हणजे साठीचा, पातळ अंगाचा, पांढऱ्या टोपीचा माणूस. गावोगावच्या घरांच्या भिंतींवर जाहिराती रंगवतो. वर्धा रोडनं बुटीबोरीच्या पुढे गेलात की दोन्ही बाजूंना दिसतं ते निम्मं त्याच्या हातचं. आमचंही रंगवतो, नवऱ्याच्या कंपनीचंही, सिमेंटवाल्यांचंही. भिंत ठरावीक मुदतीसाठी एकेकाची असते, मुदत संपली की दुसऱ्याची. नवीन माल यायचा असला की तो आठ-दहा दिवस आधी सगळं चित्र काढून ठेवतो आणि भावाचा आकडा तेवढा कोरा ठेवतो. लॉन्चच्या सकाळी आकडा भरायचा. हे त्याचंच काम, आणि आजवर कधी फुटलं नव्हतं.

त्याच्या आदल्या वर्षी मात्र त्याच्यावरून मोठा तमाशा झाला होता. मुदत संपायच्या आधीच त्यानं नवऱ्याच्या कंपनीच्या एका भिंतीवर आमचं केसांचं तेल रंगवलं. तिकडून फोन, इकडून फोन, शेवटी मला त्या गावात जाऊन हात जोडावे लागले. माझी तार अशी सटकली होती की मी भर चौकात काकाला झापलं. "काका, यापुढे ज्याची भिंत त्याला विचारल्याशिवाय ब्रश लावायचा नाही! समजलं? आधी विचारायचं!" काकानं मान डोलावली. हे मी विसरूनही गेले.

दिवाळी झाली. लॉन्च सोमवारी. गुरुवारी सकाळी मी मेट्रोतून सीताबर्डीला उतरले आणि ऑफिसकडे निघाले. कोपऱ्यावरच्या पानठेल्याच्या शेजारी एक छोटं दुकान आहे, तिथं शाम्पूच्या लडी लटकलेल्या असतात. त्या लडींमध्ये एक नवीन लड दिसली, लाल आणि पिवळी. नवऱ्याच्या कंपनीची चहाची पुडी, पाच रुपये, आणि वर लिहिलेलं, "वेचणी स्पेशल".

मी दुकानदाराला विचारलं, हे कधी आलं? तो म्हणाला, "आजच तर आलं म्याडम. गावाकडे तर काल रात्रीच गाड्या गेल्या म्हणते." मी दोन पुड्या विकत घेतल्या, कशाला घेतल्या देव जाणे, आणि ऑफिसात जाऊन साहेबांच्या टेबलावर टाकल्या.

आमचे साहेब माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. इंदूरचे. भला माणूस, पण भीती वाटली की हिंदीत फार गोड होतो. त्यांनी पुड्या उलटसुलट करून पाहिल्या, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "मैडम, बुरा मत मानिए." तेवढ्यावरच मला कळलं.

त्यांनी एक फॉर्म पुढे केला. त्यात एक रकाना होता. घरातील व्यक्ती प्रतिस्पर्धी कंपनीत असल्यास माहिती त्या मार्गानं बाहेर जाण्याची शक्यता आहे का? पुढच्या शुक्रवारपर्यंत भरून द्यायचा. 'शक्यता नाही' असं लिहिलं तर माझी स्वतःची चौकशी, कारण मग फोडलं कुणी? 'शक्यता आहे' लिहिलं तर आमच्या वकिलाचं पत्र त्याच्या कंपनीला जाणार, आणि असं पत्र गेलं की तिथं काय होतं ते मला माहीत होतं. चौकशी संपेपर्यंत माणूस घरी बसतो, आणि बहुतेक वेळा परत जात नाही. पन्नाशीला टेकलेल्या सेल्समधल्या माणसाला मग कोण विचारतं? मुलगी पुण्याला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मी फॉर्म बॅगेत ठेवला आणि त्या दिवशी पहिल्यांदा बॅगेची चेन नीट लावली.

राग मला आधी आला, शंका नंतर आली. संध्याकाळी घरी गेले तर हा स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवून उभा. शीळ वाजवत होता. इतक्या वर्षांत हजारदा वाजवली असेल, पण त्या दिवशी मला वाटलं, बघा, कसा खुशीत आहे! मला विचारलं, "थकली का वं?" मी म्हटलं, "नाही." त्यानं कप दिला. मी चहा प्यायले आणि मनात एकच फिरत राहिलं. त्या दुकानासमोर हाही होता. त्यानंही त्या पुड्या पाहिल्या होत्या. माझी बॅग रोज उघडी होती. फोन आला की आता हा बाल्कनीत का जातो? आधी जायचा का? आठवेचना.

विचारायचं होतं सरळ. एवढंच करायचं होतं. पण विचारलं आणि तो 'नाही' म्हणाला तर मी ते मानलं असतं का? आणि 'हो' म्हणाला असता तर? माझ्या हातातला कपडा ओट्यावरून फिरत होता, ओटा कधीचा स्वच्छ झाला होता आणि मी पुसतच होते. तो म्हणाला, "अवं, घासून घासून छिद्र पाडशील." मी हसलेसुद्धा.

शनिवारी मी ऑफिसात एकटी होते तेव्हा ती अवदसा आठवली. कॉम्प्युटरवर एक पान टाइप केलं. अतिगोपनीय. संक्रांतीपासून तीन रुपयांची पुडी, वर्धा आणि यवतमाळ. वर आमच्या कंपनीचं चिन्ह, खाली खोटी सही. ते पान घरी नेलं आणि जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्राखाली अर्धं बाहेर राहील असं ठेवलं. यातलं एक अक्षर कुणाला ठाऊक नव्हतं, कारण असं काही नव्हतंच. बाजारात त्याच्या माणसांनी 'तीन रुपये' असा शब्द जरी काढला, तरी मला कळणार होतं. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं, हे लिहिताना आज तोंड लपवावंसं वाटतं.

तो बाजार करून आला. टेबलावर भाजीच्या पिशव्या ठेवल्या, वर्तमानपत्र उचललं. मी फ्रिजच्या दारामागून पाहत होते. त्यानं कागद पाहिला. किती वेळ पाहिला सांगता येणार नाही, मला तो फार लांब वाटला. मग कागद उपडा केला, त्यावर फळांची टोपली ठेवली आणि म्हणाला, "पालक चांगली मिळाली आज." बस.

नंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. सोमवारी आमची पुडी आली. गावोगाव त्यांची आधीच लटकलेली, आमच्या पोरांना दुकानदार सांगत होते, "अरे, हीच तर आहे आमच्यापाशी." माझं वर्ष पाण्यात गेलं होतं, आणि मला त्याचं दुःखसुद्धा नीट करता येत नव्हतं. दिवसातून चारदा मी कुठल्या ना कुठल्या दुकानदाराला फोन करायची. "त्यांच्याकडून तीन रुपयांच्या मालाचं काही ऐकलं का हो?" एक दुकानदार म्हणाला, "म्याडम, तब्येत बरी आहे नं तुमची?" घरी आले की आधी टोपली पाहायची. सफरचंदं कमी होत होती, कागद तसाच होता. संध्याकाळच्या चहाला तो नेहमीसारखं सगळं सांगायचा, शेजाऱ्यांची गाडी, मुलीचा फोन, बोअरचं पाणी. मी हूं हूं करायची. कधी वाटायचं, छे, हा असं करणं शक्य नाही. कधी वाटायचं, किती मुरलेला आहे बघा. झोप नव्हती, जेवण जात नव्हतं, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती. आईला सांगितलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी बेशात हजर झाली असती.

गुरुवारी सकाळी ऑफिसला निघण्याआधी मी बाथरूममध्ये, कमोडच्या झाकणावर बसून, फॉर्म भरला. रकान्यात लिहिलं, 'शक्यता नाकारता येत नाही.' आणि सही केली. बाहेर येऊन पाहिलं तर त्यानं माझा डबा भरून बॅगेशेजारी ठेवला होता.

त्या दिवशी दुपारी मला भिंती तपासायला जायचं होतं. बुटीबोरीच्या पुढे आत एका गावात पेंटरकाका शिडीवर होता. आमच्या पुडीचं चित्र झालेलं, आणि तो आता पाचचा आकडा भरत होता, तीन दिवस उशिरानं. मी गाडीतून उतरल्या उतरल्या ओरडले, "काका, सोमवारचा आकडा गुरुवारी? काहून?"

काका शांतपणे खाली उतरला, ब्रश डब्यात बुडवून ठेवला. "म्याडम, ही भिंत त्यायची होती नं कालपर्यंत. बाकीच्या चौदा त्यायनं सोडल्या, ही नाही सोडली. म्हणून थांबलो."

"सोडल्या म्हणजे?"

"मी इचारलं होतं नं त्यायले. फोन केला होता दिवाळीच्या आधी, त्यायच्या जाहिरातवाल्या साहेबाले. म्हणलं, साहेब, तुमची मुदत अजून आठ-पंधरा दिवस आहे, पण आमच्या म्याडमची पाच रुपयाची पुडी येऊन राहिली दिवाळीनंतरच्या सोमवारी, तर चित्र काढू का आधी? लय चांगला माणूस. म्हणे, पाचची पुडी का? बरं झालं काका सांगतलं, काढा, काढा." काका माझ्याकडे जरा अभिमानानं पाहत होता. "तुमीच तर म्हणल्या होत्या. इचारल्याशिवाय ब्रश लावायचा नाही."

मी त्या घराच्या ओट्यावर बसले. पुड्यांचं मशीन त्यांच्याकडे केसांच्या तेलासाठी होतंच, तेवढे दिवस त्यांना पुरले. घरातल्या बाईनं पाणी आणून दिलं. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ती बिचारी विचारत होती, उन्हानं झालं का? काकाचं काय चुकलं? मी शिकवलं तसं त्यानं केलं. सभ्य माणसासारखं विचारलं. आणि मला माझ्याच घरात विचारता आलं नव्हतं. बॅगेतला फॉर्म काढला, त्याचे बारीक तुकडे केले आणि काकाच्या रंगाच्या डब्यात टाकले. काका म्हणाला, "अवो म्याडम, रंग खराब होते!"

परतताना वर्धा रोडवर मी गाणं म्हणत होते, इतकी हलकी झाले होते. सुटले! तो सुटला, मी सुटले, कुणाला काही कळायची गरज नाही. वाटेत गरम आलुबोंडे घेतले. घरी पोचले तेव्हा पाच-साडेपाच झाले असतील, तो लवकर आला होता. आधण ठेवलेलं होतं.

"आज लय खूश दिसून राहिली," तो म्हणाला.

"काम झालं एक."

त्यानं कप ठेवले, आलुबोंडे ताटलीत काढले. मग फळांची टोपली बाजूला सरकवली, तो कागद सुलटा करून माझ्यासमोर ठेवला. "आता उचलू का हा?"

तोंडात घास तसाच राहिला.

"तीन रुपयांचं नाणं कोठी आहे वं देशात?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "एक, दोन, पाच, दहा. पोरीसोरीलेही माहीत आहे, नाण्याच्या भावातच पुडी विकते. गर्दीत दुकानदार दोन रुपये परत द्यायले बसन का? अन् तीन रुपयांत नुसतं पाकीट येते, चहा नाही येत. तू बावीस वर्षं धंद्यात आहे. असा कागद तू लिहितच नाही. लिहिला, म्हणजे माह्यासाठी लिहिला."

"कधी कळलं तुला?"

"पालक आणली त्या दिवशी."

सहा दिवस. सहा दिवस याला ठाऊक होतं की मी याला सापळा लावला आहे, आणि हा रोज संध्याकाळी माझ्यासाठी आधण ठेवत होता. मी म्हटलं, "मग बोलला का नाहीस?"

"तू विचारशील म्हणून थांबलो."

मी सांगायला लागले, साहेबांचं, फॉर्ममधल्या रकान्याचं, चौकशीचं, पेंटरकाकाचं. भडाभडा सगळं सांगितलं. फक्त एक नाही सांगितलं, ती सही. ती आजपर्यंत सांगितली नाही, इथंच पहिल्यांदा लिहिते आहे. त्यानं ऐकून घेतलं. पेंटरकाकाचं ऐकून थोडा हसला. म्हणाला, आमच्यात कुठून आलं ते मलाही नंतर कळलं, पण ते मी तुला सांगू शकत नव्हतो, आपलं ठरलं होतं.

"मी विचारलं असतं तर?"

"तरी नसतं सांगितलं कुठून आलं ते. पण मी नाही, एवढं तर सांगितलं असतं."

मग तो जे बोलला ते मला कधीही विसरता येणार नाही. "त्या दिवशी गावात तू दुकानासमोर उभी राहिली नं, मले तेव्हाच समजलं तुह्या डोक्यात काय चालू आहे. माह्याही डोक्यात तेच आलं होतं. माह्याच गावातलं दुकान ते, लहानपणापासून पाहिलेल्या पुड्या. पण तुले आधी सुचलं. म्हणून मी आमच्या साहेबाले वर्षभर तोंडातून शब्द नाही काढला. दोन मीटिंगांत ते विचारून राहिले होते, वेचणीत नवीन काय करता येईन? मी म्हणलं, काही नाही."

त्या वर्षी त्याची बढती हुकली होती. नवीन काही सुचवत नाही, असा शेरा होता. तो शेरा घरी येऊन त्यानं हसत सांगितला होता आणि मीही हसले होते. 'तुला कुठलं सुचतं रे,' असं म्हणालेही होते.

मला रडू आलं, चांगलं मोठ्यानं. मी माफी मागितली, हात धरला, पुन्हा मागितली. तो म्हणाला, "जाऊ दे नं. पी चहा, थंडा होऊन राहिला." रागावला असता, कप आपटला असता, तर मला झेपलं असतं.

शुक्रवारी मी साहेबांना लिहून दिलं की माझ्याच चुकीच्या सूचनेमुळे भिंतींच्या कामातून बातमी गेली. काकाचं नाव कुठं आणलं नाही. साहेब खूप वेळ कागद वाचत होते, मग म्हणाले, "मैडम, दीवार के लिए पूछना ही क्यों था?" पुढच्या मालाचं काम त्यांनी दुसऱ्याला दिलं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण माझं लक्ष तिथं नव्हतं.

कारण त्याच शुक्रवारी संध्याकाळी तो घरी आला, खुर्चीवर माझी बॅग होती. त्यानं स्वतःची बॅग त्यावर ठेवली नाही. आतल्या खोलीत गेला, त्या दोन फळ्यांच्या लाकडी कपाटात ठेवली. कपाटाला नवीन कडी बसवलेली होती, आणि त्यानं कुलूप लावलं. मी दारात उभी होते.

"कुलूप कायले?" मी विचारलं.

"तुह्यासाठी," तो म्हणाला. "पुन्हा कोणी विचारलं, तर तुले बिनधास्त लिहून देता येईन. शक्यता नाही म्हणून."

त्यात टोमणा नव्हता. मी त्याला ओळखते, टोमणा असता तर कळला असता. त्यानं मनापासून माझी सोय केली होती. एक किल्ली त्याच्या खिशात, दुसरी किल्ली नाही.

पहिल्या रविवारी आम्ही आजही इतवारीत जातो. कडक की वासाचा, यावरून भांडतो. संध्याकाळी आधण तोच ठेवतो, शीळही वाजवतो. पण त्याच्या आधी कुलपाचा आवाज येतो, रोज, आणि हातात असेल ते टाकून मी कान देते. माझी बॅग खुर्चीवर असते, चेन उघडी. मी मुद्दाम उघडी ठेवते.